डाव्या मडगार्डचा पोचा

पेणमध्ये कोणाला सांगितलं की आमचा कारखाना आहे, की समोरचा लगेच विचारतो, "गणपतीचा का?" त्याची काही चूक नाही. आमच्या डाव्या हाताला गणपतीचा कारखाना, उजव्या हाताला गणपतीचा कारखाना आणि मधे आम्ही, खिडक्यांच्या ग्रिल, फाटकं आणि शटर करणारे. त्यांच्याकडे पांढरी धूळ, आमच्याकडे काळी. दुपारी चहाला सगळे आमच्या दारात जमतात तेव्हा कोण कुठला ते कपड्यांवरून कळतं.

लग्न होऊन आले तेव्हापासून मी या काळ्या धुळीत आहे. आमचे हे वेल्डिंग करतात. मी आधी नुसता चहा करायची, मग ग्रिलला रंग मारायला लागले, मग पत्रा कापायला, आणि पुढे पुढे ही बाई इथं काय करते हे कोणी विचारेनासंच झालं.

आमची लेक रोह्याच्या एका कंपनीत कामाला होती. शिफ्ट, बस, ओळखपत्र, सगळं व्यवस्थित. एक दिवस सकाळी ती कारखान्यात येऊन उभी राहिली.

"सोडली," म्हणाली.

ह्यांनी वेल्डिंगची काच खाली ठेवली. "काय सोडली?"

"नोकरी."

"मग आता काय करणार?"

"गाड्या."

"धुणार?"

"बनवणार, बाबा."

हे माझ्याकडे बघायला लागले, जसं काही मीच तिला शिकवून पाठवलं होतं. मला तरी कुठं माहीत होतं? पण लेकीनं फोनवर बघून बघून सगळं डोक्यात भरून ठेवलं होतं. हॉट रॉड म्हणतात म्हणे त्या गाडीला. आता हॉट रॉड म्हणजे काय ते मला जसं समजलं तसं सांगते. जुनी गाडी घ्यायची. तिचं टप कापून चार बोटं खाली बसवायचं, म्हणजे ती डोळे बारीक करून बघितल्यासारखी दिसते. बॉनेट काढून टाकायचं, इंजिन उघडं ठेवायचं. मागची चाकं जाडजूड, पुढची बारीक, की उभी असली तरी पळायला निघाल्यासारखी वाटावी. आवाज असा, की शेजारच्या ओल्या मूर्ती हलाव्यात. आणि एवढं करून ती रस्त्यावर चालवायची नाही, कारण असल्या बदललेल्या गाडीला परवानगी नसते. आपल्या आवारात फिरवायची, नाहीतर टेम्पोवर चढवून कुठं दाखवायला न्यायची.

"म्हणजे गाडी असून टेम्पोनं जायचं," हे म्हणाले. "बरंय." आणि त्यांनी तिथल्या तिथं तिचं नाव ठेवलं, नागडी गाडी. ते नाव दोन्हीकडच्या कारखान्यांत संध्याकाळच्या आत पोचलं.

पहिलं गिऱ्हाईक दिवाळीनंतर आलं. रोह्याच्या पलीकडे खाडीच्या अंगाला एक गाव आहे, तिथला माणूस. बरीच वर्षं आखातात काढून आता परत आलेला, माडांची वाडी नीटनेटकी करून राहिलेला. तिकडे सुट्टीच्या दिवशी लोक असल्या गाड्या वाळूत फिरवतात, ते बघून त्याच्या मनात बसलं होतं. त्यानं टेम्पोतून आणली ती एक जुनी काळी-पिवळी टॅक्सी. त्याच्या वडिलांची. वडिलांनी ती मुंबईत चालवली, आणि टॅक्सीची वर्षं भरली तेव्हा भंगारात न देता घरी आणून माडाच्या झापांच्या मांडवात उभी केली. कोंबड्यांनी पाठच्या सीटवर अंडी घातलेली होती, एक अंडं तर आम्हाला मिळालं.

"काकी, सगळं काढा," तो म्हणाला. "गंज, पोचे, सगळं. आरशासारखी झाली पायजे."

"अब्बांना विचारलंस का?" मी म्हटलं.

"अब्बा म्हसळ्याला बहिणीकडे गेलेत. येईपर्यंत गाडी उभी करायची. सरप्राइज!"

सरप्राइज या शब्दाचा मी धसकाच घेतलाय. आमच्या लेकीनं पण आम्हाला सरप्राइजच दिलं होतं. पण तो इतका हौसेनं बोलत होता की मी विषय सोडून चहा टाकायला गेले. त्याला वाटत होतं, आपण अब्बांना काहीतरी मोठं देतोय. आणि देतच होता तो, त्यात खोट नव्हती.

काम सुरू झालं. गाडी अशी सोलली की चार दिवसांनी ओळखू येईना. गाडीचा तळ गंजून चाळणी झालेला, म्हणून ह्यांनी चॅनलची नवी चौकट जोडली. भंगारातल्या एका मोठ्या गाडीचं इंजिन आलं. धुराच्या नळ्या वळवायच्या होत्या, तर हे त्यात वाळू ठासून भरून, तापवून, गुडघ्यावर ताकद लावून वळवत होते. पोकळ नळी तशीच वळवली तर चेपते. माझे वडील तेच राळ भरून करायचे.

हं, वडिलांचं सांगायचं राहिलंच. मी रोह्याची, तांबटाची मुलगी. आमच्या घरी घागरी, बंब, पातेली घडायची. तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकसारखे बारीक ठोके मारत जातात, त्याला मठारणं म्हणतात. त्यानं भांडं घट्ट होतं आणि चमकतं. मुलींच्या हातात कोणी हातोडी देत नसे. मुलींनी भाता ओढायचा आणि चिंचेनं भांडी घासायची. पण भाता ओढताना डोळे तर मोकळे असतात ना? वडील जेवायला उठले की मी त्यांची हातोडी घेऊन फुटक्या पातेल्यावर बसायची. ते हात धुऊन यायचे, बघायचे आणि काही न बोलता पातेलं फिरवून दुसरी बाजू माझ्यापुढं करायचे. तेवढंच शिकवणं.

त्यामुळं माझं असं झालंय की पोचा दिसला की हात शिवशिवतो. कोणाच्या घरी गेले आणि डबा चेपलेला दिसला तर मी बोलता बोलता पोटाशी धरून अंगठ्यानं काढत बसते. एका लग्नात मी नवरदेवाच्या मामाच्या स्टीलच्या तांब्याचा पोचा काढला होता. ह्यांनी तेव्हा जी मान खाली घातली ती जेवणं होईपर्यंत वर केली नाही.

लेकीला वेल्डिंग येत होतं, कापणं येत होतं, पण पत्रा ठोकणं येत नव्हतं. ती माझ्याकडे आली. "आई, शिकव ना."

मी वडिलांची हातोडी काढून दिली. सुरुवातीला मीच घोळ घातला, बरं का. तांबं लाल तापवून पाण्यात बुडवलं की मऊ होतं, हे माझ्या हाडात. मी तिला लोखंडी पत्र्याचंही तेच सांगितलं. पत्रा पाण्यात गेला तो पापडासारखा वाकडा होऊन वर आला. हे पोट धरधरून हसले. "सासऱ्यांनी आंदणात काय विद्या दिलीय बघा," म्हणाले. मग आम्ही दोघी लोखंडाची रीत नव्यानं शिकलो. भंगारातल्या जुन्या दरवाजांवर ती रोज ठोकायची. कधी पत्रा ताणून ढिला पडायचा, बोटानं दाबला की डब्याच्या झाकणासारखा टमक टमक वाजायचा. कधी कड चिरायची. ती चिडायची, हातोडी आपटायची, मग उचलून कपाळाला लावायची.

"अगो, मधे नको मारूस," मी सांगायची. "पोच्याच्या मधोमध मारलंस की तो आणखी हट्टाला पेटतो. कडेनं ये. रुसलेल्या माणसाला कसं, एकदम 'का रुसलात' असं विचारत नाहीत. आधी पाणी देतात, मग पंखा लावतात. तसं."

टॅक्सीची पुढची दोन्ही मडगार्ड सुटी करून बाकावर ठेवली होती. उजवं बरं होतं. डाव्यावर मोठा पोचा होता, छोट्या पातेल्याचा तळ दाबून बसवावा तसा, गोल आणि खोल, मधून एक उभी घडी. जुना पोचा. त्याच्या आतला रंग बाहेरच्या रंगाइतकाच म्हातारा झालेला. मी लेकीला म्हटलं, "हा तुझा. मी हात लावणार नाही."

तिनं तो काढला. काय सांगू! कडेकडेनं आली, घडी सैल केली, ताणलेला पत्रा ज्योतीनं ठिपक्याएवढा तापवून ओल्या फडक्यानं आवळला, परत ठोकलं. मी डोळे मिटून वरून हात फिरवला. पोचा कुठं होता ते माझ्या बोटांना सापडेना. तांबटाच्या मुलीच्या बोटांना! मी तिची अलाबला घेतली. हे बाहेर गेले आणि पेढ्यांचा पुडा घेऊन आले. दोन्ही गणपतीवाल्यांना बोलावलं. एकजण म्हणाला, "आम्ही वर्षानुवर्षं देव घडवतो, आम्हाला कोणी पेढा देत नाय, आणि तुमच्याकडे पत्रा सरळ झाला तर पेढा!"

त्याच दिवशी म्हातारा आला.

उंच माणूस, पाठीत जरा वाकलेला, पांढरी टोपी, हातात छत्री काठीसारखी धरलेली. डोळ्यांवर सायीसारखा पडदा. दारात थांबून त्यानं विचारलं, "टॅक्सी कापतात तो कारखाना हाच काय?"

"कापत नाय चाचा, बनवतो," हे म्हणाले.

"कापल्याबिगर बनवता काय?"

"नाय."

"मग कापताच."

मी स्टूल दिलं, पाणी दिलं. कोण ते आमच्या लक्षात आलंच होतं. म्हसळ्याहून परत आले, मांडव रिकामा बघितला, मुलाला खोदून विचारलं आणि दुसऱ्या दिवशी मुलाला न सांगता रोह्याहून रेल्वेनं पेण गाठलं. स्टेशनवर रिक्षावाल्याला म्हणाले, माझी टॅक्सी जिथं कापतात तिथं ने. रिक्षावाला म्हणाला, नागडी गाडीवाले काय? बसा.

लेक पुढं झाली. तिचा चेहरा अजून फुललेला होता. तिनं त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "घ्या चाचा. आज माझा पहिला पोचा निघाला."

"मुबारक हो, बाय," ते म्हणाले आणि त्यांनी पेढा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला. मग छत्री मांडीवर आडवी ठेवून म्हणाले, "माझी एकच अर्ज हाय. टप कापा, इंजिन बदला, पोराची हौस हाय, मी आड येत नाय. फक्त पुढचं डावं मडगार्ड. त्यावर एक पोचा हाय. त्याला हात लावू नका."

बाहेर कोणाचा तरी कॉम्प्रेसर चालू होता, तोही नेमका तेव्हाच बंद झाला. ह्यांनी खिशातला रुमाल काढून कपाळ पुसायला घेतलं ते पुसतच राहिले. मला वाटलं, मीच बोलावं. पण लेक त्यांच्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "चाचा, तोच पोचा काढला मी."

त्यांनी ओठांवरून बोटं फिरवली. मग विचारलं, "पेढा त्याचाच व्हता?"

"व्हय."

"कुठं हाय मडगार्ड?"

मी त्यांना धरून बाकापाशी नेलं. त्यांनी छत्री ह्यांच्याकडे दिली आणि दोन्ही हात पत्र्यावर ठेवले. वरून खाली, परत वर. जिथं पोचा होता तिथं हात बरोबर थांबायचे. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण हातांना जागा पाठ होती. हात थांबायचे आणि रिकामेच पुढं सरकायचे. मी बाईमाणूस आहे, रडायला मला काही लागत नाही, पण त्या दिवशी रडण्याची हिंमत झाली नाही.

"लय सफाईनं काढलास, बाय," ते म्हणाले. ते टोमण्यानं नव्हे हो, खरंच म्हणाले. त्यानं तर लेकीला आणखीच भरून आलं.

चहा झाला. त्यांचं त्यांनीच सांगितलं.

"मी मुंबईला टॅक्सी चालवायचो. ईदला गाडी घेऊन गावी यायचो. माझी घरवाली म्हणायची, मला पण शिकवा. मी म्हणायचो, तू काय करणार शिकून, कुठं जाणार? ती म्हणायची, कुठं नाय, वाडीला एक फेरी मारणार. एकदा मी नमाजला गेलो. येऊन बघतो तर गाडी माडाला चिकटलेली. आणि ही स्टेरिंगला. हा जो आता आखातातून आलाय तो तेव्हा तिच्या पोटात. मी इतका ओरडलो, इतका ओरडलो, सगळा मोहल्ला जमा. आणि तिनं काय म्हणावं? 'मी काय करू, माडच मधे आला.'"

हे फस्सकन हसले आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"हसा, हसा. मला तेव्हा हसू नाय आलं. मी रागानं बोललोच नाय तिच्याशी, तसाच मुंबईला निघालो. निघताना ती खिडकीशी आली, म्हणाली, 'पोचा काढू नका. कोणी विचारलं तर सांगा, माझ्या बायकोनं गाडी चालवली.' पहिल्याच पॅसेंजरनं विचारलं. मी सांगितलं. तो हसला, मी पण हसलो. मग गाडी होती तोवर सांगत आलो. पोलिसाला सांगितलं, शेटला सांगितलं. आता ती नाय. गाडीत बसलो की खिडकीतून हात काढून तिथं ठेवता येत नव्हता, पण उतरलो की ठेवायचो."

"मुलाला ठाऊक नाही?" मी विचारलं.

"पोराला काय सांगणार, तुझ्या आईवर मी भर मोहल्ल्यात ओरडलो म्हणून? नाय सांगितलं. आणि तुमी पण सांगू नका. हौसेनं करतोय तो. त्याची हौस मोडली तर मला काय मिळणार?"

लेक म्हणाली, "चाचा, मी परत पाडून देते. तसाच. मला त्याचा आकार पाठ आहे."

"तू पाडशील तो तुझा पोचा, बाय," ते म्हणाले. "खोटा पोचा घेऊन मी काय करू?"

तेही खरंच होतं. पण मला वडिलांची एक गोष्ट आठवली. दुरुस्तीला आलेली घागर ते आधी बोटाच्या पेरानं वाजवायचे आणि सांगायचे, ही इथं पडली होती, इथं कोणीतरी आधी ठोकलीय. दिसत काहीच नसायचं. एकदा मार बसलेला धातू वरून कितीही गुळगुळीत केला तरी आवाजानं सांगतो.

मी मडगार्ड बाकावर उभं धरलं आणि हातोडीच्या दांड्यानं हलकेच वाजवत आले. ठण्. ठण्. ठण्. आणि तिथं आले तेव्हा ठक्. बसका, आवळलेला आवाज.

म्हाताऱ्यानं मान वर केली. "परत वाजव."

परत वाजवलं. त्यांनी दांडा माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाजवला. आजूबाजूला ठण्, तिथं ठक्. गोल फिरून त्यांनी त्या आवाजाची कड शोधली. बोटानं हवेत वर्तुळ काढावं तसं दांड्यानं वर्तुळ काढलं. ते बरोबर पोच्याएवढंच होतं. मग मी त्यांचा हात धरून मडगार्डच्या आतल्या अंगाला नेला. तिथं लेकीनं गुळगुळीत केलं नव्हतं, ठोक्यांच्या खुणा होत्या, दाट, आणि मधून त्या घडीचा एक बारीक कंगोरा राहिला होता.

हात आत असतानाच ते म्हणाले, "हाय." मग थोड्या वेळानं, "थोडी हाय."

त्यांचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला लिहू? थोडी हाय म्हणजे थोडीच हाय. उठताना एवढंच बोलले, "आतून डांबर मारू नका. हाताला लागू दे."

"गंजेल, चाचा," लेक म्हणाली.

"गंजू दे. मी पण गंजलोय, कोणी डांबर मारलंय काय?"

हे त्यांना स्टेशनवर सोडून आले. आल्यावर उरलेले पेढे कोणी खाल्ले नाहीत. मुंग्या लागल्या तेव्हा मी पुडा उचलून टाकला.

लेकीनं त्यानंतर हातोडीला हात लावला नाही. गाडी तशीच उभी, टप न कापलेली. ती ग्रिल जोडायला बसायची, तेही मान खाली घालून. ह्यांचं चाललेलं, "अगो, तिला सांग काहीतरी." मी म्हटलं, काय सांगू? तिनं चूक केलीच नाही, तर माफ काय करायचं? गिऱ्हाइकानं सांगितलं ते केलं, आईनं दिलं ते केलं, आणि सुंदर केलं. सुंदर केलं हेच तर झालं. मी तिला रोज चहा देत होते आणि भाताचं काय, भाजीचं काय एवढंच बोलत होते. कडेकडेनं.

शेवटी फोन म्हाताऱ्याचाच आला. लेकीनं घाबरत घेतला. मला पलीकडचं पण ऐकू येत होतं, ते फोनवर टॅक्सीच्या खिडकीतून बोलल्यासारखे ओरडूनच बोलायचे.

"टप कापलंस काय?"

"नाय, चाचा."

"का? पोरगा मला रोज सांगतो, अब्बा, होतंय, होतंय. मला त्या गाडीत बसायचंय. लवकर काप. माझी टोपी मावेल एवढं ठेव."

ती फोन ठेवून उठली आणि खडू घेऊन खुणा करायलाच लागली. टप कापणं सोपं वाटतं, पण गाडीचे खांब तिरके असतात. चार बोटं कापून टप खाली आणलं की वरच्या आणि खालच्या तोंडांची गाठच पडत नाही. मग टप मधोमध चिरून, पट्टी घालून ते पसरवावं लागतं. दोघं बापलेक दिवसदिवस भांडत होते, मी पट्ट्या ठोकून देत होते. रंगाला शेजारचाच माणूस आला, मूर्तींवर फवारणारा. म्हणाला, "दिव्यांना डोळे लिहून देऊ? डोळ्यांची आखणी आमच्यासारखी कोणाची नाय." गाडी काळी केली, टप पिवळं ठेवलं. मुलाला लाल पाहिजे होती. लेक म्हणाली, "काळी-पिवळीच राहू दे." कारण सांगितलं नाही. त्याला फोटोत आवडली, तो हो म्हणाला. डाव्या मडगार्डच्या आत नुसतं पारदर्शक वार्निश मारलं.

गाडी पोचवायला आम्ही तिघं टेम्पोबरोबर गेलो. गाडी टेम्पोवर बांधलेली, वडखळच्या नाक्यावर लोक फोटो काढत होते. टेम्पोवाला म्हणाला, जवळच्या खिंडीच्या चढाला एवढं वजन नको, म्हणून हायवेनंच खांबवरून कोलाडला गेलो आणि तिथून रोह्याला वळलो. रस्त्याची जी अवस्था आहे ती आहे. प्रत्येक खड्ड्याला लेक पाठीमागं वळून बघत होती.

वाडीत अर्धा मोहल्ला जमला होता. मुलगा नवा सदरा घालून उभा. म्हाताऱ्यानं गाडीभोवती हात फिरवत एक फेरी मारली. उघड्या इंजिनापाशी थांबून म्हणाले, "ह्याला कापडं नाय?" सगळे हसले. मग डाव्या मडगार्डच्या आत त्यांचा हात गेला, क्षणभर राहिला, बाहेर आला. मुलाच्या ते लक्षातही आलं नाही.

"मी चालवणार," ते म्हणाले.

"अब्बा, दिसत नाय तुम्हाला."

"वाडी मला दिसायला कशाला पायजे? ही पोरगी बसेल बाजूला. ब्रेक तिच्या हातात."

आम्ही माप घेतलं होतं तरी टोपी टपाला लागलीच, म्हातारा ताठ बसला होता ना आज! त्यांनी टोपी काढून लेकीच्या मांडीवर ठेवली. इंजिन सुरू झालं तसे वाडीतले सगळे कावळे उडाले, दोन बायकांनी कानांवर हात घेतले, आणि नागडी गाडी पोरांच्या घोळक्याबरोबर चालण्याच्या वेगानं निघाली. विहिरीला वळसा घातला, बरोबर. गोठ्यापाशी वळली, बरोबर. मुलगा टाळ्या वाजवत होता. मग ती एका जुन्या, वाकलेल्या माडाकडे आली, आणि तिथं वळायचं ते जरा उशिरा वळली.

फार मोठा आवाज नाही झाला. पातेलं ओट्यावरून पडावं तसा. लेकीनं ब्रेक ओढला होता, पण पुढचं उजवं मडगार्ड माडाला टेकलं ते टेकलंच. मुलगा धावत सुटला. "अब्बा! लागलं काय? अब्बा, नवीन गाडी!"

म्हातारा सावकाश उतरला. पुढं येऊन त्यांनी उजव्या मडगार्डवर हात ठेवला. पोचा बोटांनी मोजल्यासारखा चाचपला. मग मुलाकडे तोंड करून म्हणाले, "मी काय करू? माडच मधे आला."

मुलगा माडाकडे बघायला लागला. ह्यांनी मान फिरवली, खांदे हलत होते. मी पदर तोंडात कोंबला. गाडीतून उतरलेली लेक, हातात ती पांढरी टोपी, हसत होती की रडत होती हे आईला पण कळलं नाही.

मुलगा बिचारा कळवळून तिच्याकडे वळला. "ताई, आत्ताच काढून टाका ना हा. हातोडी आणलीय ना?"

मी लेकीकडे बघितलं. माझ्या वडिलांची हातोडी तिच्या खांद्यावरच्या पिशवीत होती. ती पिशवी तिनं पाठीमागं सरकवली, तेव्हा आत काहीतरी खणखणलं.

"नाय आणली," ती म्हणाली.